बाळंतविड्यांतील लोकर

गेल्या मार्गशीर्षांतील एका गुरुवारीं हळदीकुंकवास गेलें होतें. तेथें शेजारच्या बिऱ्हाडांत नवीनच आलेल्या एका तरुण भगिनीनें मला बाजूस घेऊन विचारिलें, “काकू, माझ्या नणंदेला दिवस गेले आहेत. बारशाला कांहींतरी स्वतःच्या हातानं विणून द्यावं असं फार मनांत आहे. लोकर कोणत्या रंगाची आणूं?” मीं तिलाच उलट विचारिलें, “बाळंतपण कोणत्या महिन्यांत?” ती बिचारी गोंधळून माझ्याकडे पाहतच राहिली. रंग विचारला तर ही बाई महिना काय विचारते, असें तिला वाटलें असावें. घरीं परततांना तिचा तो चेहरा माझ्या डोळ्यांपुढून हालेना. कारण तीस वर्षांपूर्वीं मींहि रंगाचाच विचार केला होता, महिन्याचा केला नव्हता. त्याचें प्रायश्चित्त मीं कसें भोगिलें आणि तें भोगण्याचें खरोखर कांहीं कारण होतें कीं नव्हतें, हें या खेपेस सांगावें असें मनांत आहे.

आमचें घर सात रस्त्यांपासून हांकेच्या अंतरावर आहे. सोलापूर हें गांव सुताचें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पादांत येथें पहिली कापडगिरणी सुरू झाली. तेलंगणांतून आलेल्या पद्मशाली मंडळींनीं हातमाग आणि पुढें यंत्रमाग चालविले. येथल्या चादरीस आणि टॉवेलास भौगोलिक मानांकनहि मिळालेलें आहे. ज्या गांवांत गल्लोगल्लीं मागांचा खडखडाट ऐकूं यावयाचा, तेथें दोन सुया घेऊन महिनाभर खपावें आणि एवढेंसें टोपरें पैदा करावें, ही गोष्ट व्यवहारी माणसास हास्यास्पद वाटली तर नवल नाहीं. त्यांतून येथला उन्हाळा! चैत्र-वैशाखांत पारा ४० अंशांच्या पलीकडे सहज जातो. थंडी म्हणावी तर मार्गशीर्ष-पौषांतील थोडेसे आठवडे, आणि तीहि पहाटेपुरती. सिद्धेश्वराच्या यात्रेस, संक्रांतीच्या सुमारास, गड्ड्यावर संध्याकाळीं फिरतांना अंगावर कांहीं असावें असें वाटतें. एरवीं लोकरीचें कौतुक सोलापूरकराला फारसें नाहीं. अशा गांवीं लोकरीची भेट देणें म्हणजे थोडें धाडसच होय.

तरी पण आपण बायका तें धाडस करितोंच, कारण बाळंतविडा हा आपल्याकडे चुकत नाहीं. डिंकाचे लाडू, खारीक-खोबरें, बाळंतशोपा, ओवा हीं बाळंतिणीचीं. आणि दुपटीं, झबलीं, लंगोट, टोपरीं, कुंची हीं बाळाचीं. यांतील जुन्या वस्तूंकडे थोडें लक्ष देऊन पाहिलें तर आपल्या आज्यांचा हिशेब किती पक्का होता हें ध्यानांत येतें. दुपटें आजीच्या नेसून विरलेल्या नऊवारीचें, झबलें आजोबांच्या जुन्या धोतराचें. तें गरिबीमुळें नव्हे. शेंकडों वेळां धुऊन त्या कापडास जो मऊपणा आलेला असतो तो कोणत्याहि नव्या कापडास येत नाहीं, म्हणून. कुंचीची शिवण बाहेरच्या अंगास काढण्याची पद्धति मीं कित्येक घरीं पाहिली आहे; पाहणाराला ती ओबडधोबड दिसते, पण निजणाराला टोंचत नाहीं. आत्याचा मान यांत वेगळाच. पाळण्यापाशीं वाकून बाळाच्या कानांत नांव सांगावयाचें तें तिनें, ‘कुर्र’ करितांना पाठीवर धपाटे खावयाचे तेहि तिनें, आणि बाळाला पहिलें नवें वस्त्र आणावयाचें तेंहि तिनेंच.

१९९४ सालच्या चैत्रांत माझ्या दादाला मुलगा झाला. मी त्याची एकुलती एक बहीण. सुयांवर हात नुकताच बसलेला, आणि हौस तर उतूं जात होती. नवी पेठेंतून फिकट पिस्ता रंगाची लोकर आणिली. लोकर आपली म्हणायची. वास्तविक तें अ‍ॅक्रिलिक, म्हणजे खनिज तेलापासून तयार केलेला कृत्रिम धागा. हा भेद मला तेव्हां ठाऊक नव्हता आणि दुकानदारास विचारावा असेंहि सुचलें नाहीं. एका इंग्रजी पुस्तिकेंतील चित्र पुढें ठेवून, लांब बाह्यांचा स्वेटर, झालरीची टोपी आणि गुडघ्यापर्यंतचे मोजे असा सबंध संच मीं अडीच महिने खपून केला. चित्रांतील बाळाच्या मागें एक खिडकी होती आणि खिडकीबाहेर बर्फ पडत होतें. तें मला दिसलें, सुंदर वाटलें, आणि त्यापलीकडे माझी बुद्धि धांवली नाहीं.

बारशाच्या दिवशीं वहिनीनें तो संच मोठ्या आदरानें बाळाच्या अंगांत घातला. बाहेर ऊन रणरणत होतें. घरांत पन्नास माणसें. पंखा काय तो वाफ इकडून तिकडे ढकलीत होता. बाळ प्रथम कुरकुरलें, मग रडूं लागलें, मग कांहीं केल्या राहीना. कोणी म्हणे भूक लागली, कोणी म्हणे दृष्ट लागली. वहिनी एकदां बाळाकडे पाही आणि एकदां माझ्याकडे. अखेरीस माझ्या वडिलांच्या आत्या, ज्यांना आम्ही सारीं बयोआत्या म्हणत असूं, त्या उठल्या. “आण बघूं, जरा मोकळं करूं त्याला,” एवढेंच म्हणाल्या आणि बाळाला आंतल्या खोलींत घेऊन गेल्या. परत आल्या तेव्हां त्याच्या अंगावर धोतराचें एक जुनेर झबलें होतें, मानेवर आणि पाठीवर घामोळ्यांचा लाल सडा होता, आणि बाळ मुकाट्यानें निजलें होतें.

कोणी मला एक शब्द बोललें नाहीं. तेंच मला अधिक लागलें. आंत गेलें तों माझा संच खाटेवर नीट घडी करून ठेविलेला. वहिनीनेंच बयोआत्यांना डोळ्यांनीं खुणावलें असा माझ्या मनानें ग्रह करून घेतला. पुढें जूनांत आमच्या ह्यांची बदली बाहेरगांवीं झाली. चार वर्षांनीं आम्ही परत सोलापुरास आलों, पण तो संच पुन्हां माझ्या दृष्टीस पडला नाहीं. मीं विचारिलें नाहीं, आणि वहिनीनेंहि विषय काढिला नाहीं. एखाद्या बोहारणीच्या टोपलींत तो गेला असेल अशी मीं मनाशीं गांठ मारून टाकिली. तेव्हांपासून साऱ्या गोतावळ्यास मीं विणून दिलें. मात्र दादाच्या घरीं कांहीं द्यावयाचें तर मुंजींत अंगठी आणि लग्नांत पाकीट. बाहेरून सर्व गोड होतें. वहिनीच्या हातची पुरणपोळी मीं दरसाल खात होतें आणि तिला मी मनांतून क्षमाहि करीत होतें! कोणता अपराध, हें मात्र मला नीटसें सांगतां आलें नसतें.

आतां माझी चूक कोठें झाली तें सांगतें. कारण ती चूक आजहि पुष्कळजणी करितात. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर सुमारें ३४-३५ सें. मी. आणि छातीचा ३३ च्या आसपास असतो. तेंच बाळ नऊ महिन्यांचें झालें कीं दोन्ही माप ४५ च्या घरांत जातात. चैत्रांत जन्मलेल्या मुलाला थंडी भेटावयाची ती मार्गशीर्ष-पौषांत, म्हणजे आठव्या-नवव्या महिन्यांत. मीं विणिला तो स्वेटर जन्मलेल्या बाळाच्या मापाचा. म्हणजे तो अंगाला होई तेव्हां घालवेना, आणि घालण्याचे दिवस आले तेव्हां तो अंगाला होणें शक्य नव्हतें. अडीच महिन्यांच्या श्रमांपूर्वीं बोटांवर महिने मोजावयास मला अर्धें मिनिट लागलें असतें. म्हणून मीं त्या तरुण भगिनीस महिना विचारिला.

महिना कळल्यावर मग धाग्याचा विचार. आपल्या माणदेशांतील दख्खनी मेंढीची लोकर भरड. तिचें घोंगडें उत्तम होतें, पण बाळाच्या गालाला तें लावतां येणार नाहीं. सोंवळ्याची धाबळी ज्यांनीं नेसली आहे त्यांना लोकर कशी चावते हें वेगळें सांगावयास नको. बाळासाठीं लोकर घ्यावयाची तर मेरिनो जातीच्या मेंढीची, बारीक आणि मऊ. ती कढत पाण्यांत चोळून धुतली तर आटते आणि नमद्यासारखी घट्ट होते, हें घेणाराला आधींच सांगून ठेवावें. ज्या घरीं सारें यंत्रांतच धुतलें जातें तेथें यंत्रांत धुण्याजोगी म्हणून जी मेरिनो मिळते तीच द्यावी. नाहींतर पहिल्याच धुण्यांत स्वेटर बाहुलीचा होऊन बाहेर येतो, आणि घेणारीला उगाच अपराध्यासारखें वाटत राहतें. अ‍ॅक्रिलिक स्वस्त, धुवावयास सोपें, कसरहि त्याला लागत नाहीं; पण तें घाम शोषीत नाहीं, आणि विस्तवापाशीं वितळून कातडीला चिकटतें. आपल्या घरीं बारशास निरांजन ओंवाळण्याची चाल आहे, तेव्हां ही गोष्ट विसरूं नये. सोलापूरसारख्या गांवीं खरी वस्तु सुतीच. बारीक सुताचें, क्रोशानें विणलेलें पातळ दुपटें उन्हाळ्यांत पंख्याखालीं निजलेल्या बाळावर किती उपयोगी पडतें! फक्त सूत लोकरीसारखें ताणून परत जागेवर येत नाहीं, म्हणून त्याचे मोजे करूं नयेत, गळून पडतात.

क्रोशाच्या विणकामांत साखळ्यांची आणि खांबांची जाळी जितकी मोठी तितकी ती दिसावयास नाजूक. परंतु तान्ह्या बाळाचीं बोटें तींत अडकतात. बाळासाठीं विणावयाचें तर मुक्या खांबांचें घट्ट काम करावें, जाळीची हौस टेबलावरील रुमालावर भागवावी. गळ्याशीं बांधावयाच्या फिती, गोंडे, मोत्याचीं बटणें हीं सर्व चित्रांत शोभतात. घरांत त्यांची भीति बाळगावी. आणि टोपी कितीहि सुंदर झाली तरी घरांत निजतांना ती काढून ठेवावी असें बालरोगतज्ज्ञ सांगतात, कारण अंगांतील जास्तीची उष्णता बाळ डोक्यावाटेच बाहेर टाकीत असतें. विणणारीला हें ऐकावयास कठीण जातें. मलाहि गेलें.

मापाविषयीं एकच सांगतें. विणूं लागण्यापूर्वीं त्याच सुयांवर, त्याच धाग्याचा, १० सें. मी. लांबी-रुंदीचा एक तुकडा विणून त्यांतील टाके मोजावे. समजा २२ टाके भरले. बाळाचें डोकें ३५ सें. मी. आहे, टोपी किंचित् आवळ, ३२ ची, हवी. तर ७० टाके घालावे. पुस्तिकेंत लिहिलेले टाके हे त्या पुस्तिकेच्या कर्त्रीच्या हाताचे असतात. कोणाचा हात सैल, कोणाचा घट्ट. माझा तर राग आला कीं इतका घट्ट होतो कीं सुई सरत नाहीं!

पहिल्या महायुद्धांत, १९१४ पासून १९१८ पर्यंत, इंग्लंड-अमेरिकेंत घरोघरच्या बायकांनीं आघाडीवरील सैनिकांसाठीं मोजे विणिले. मोज्याच्या टोंकाशीं जाड शिवण राहिली तर ती बुटांत टोंचते आणि चालणाराच्या पायास फोड येतात. टांके एकमेकांत गुंफून शिवण न उठतां तें टोंक बंद करण्याची जी युक्ति आहे, तिला लॉर्ड किचनेर यांचें नांव पडलें आणि आजहि जगभर तिला त्याच नांवानें ओळखतात. ज्याचा पाय आपण कधींहि पाहणार नाहीं त्याच्या बोटांचा एवढा विचार त्या बायकांनीं केला. आणि मीं सख्ख्या भाच्याच्या मानेचा केला नव्हता.

पण माप, महिना आणि धागा हे तिन्ही साधले तरी एक गोष्ट उरतेच, आणि तिच्याविषयीं बायका उघड बोलत नाहींत. आपण दिलेली वस्तु पुढें त्या घरांत कोठें आहे हें पाहण्याची आपली संवय! एके काळीं मीं क्रोशाच्या रुमालांनीं अर्धें सोलापूर झांकिलें होतें. टेलिफोनवर रुमाल, शीतपेटीच्या मुठीला पिशवी, दूरदर्शनच्या पेटीवर झालरीचें आच्छादन. कोणाकडे गेलें कीं चहा येईपर्यंत माझे डोळे भिरभिरत. रुमाल जागेवर दिसला तर चहा गोड लागे. पुढें दूरदर्शनच्या पेट्या पातळ होऊन भिंतीला चिकटल्या, त्यांच्या डोक्यावर रुमालास जागाच उरली नाहीं, आणि माझा तो धंदा आपोआप बसला. त्या काळीं ज्या भगिनी मला पाहुणी म्हणून येतांना पाहून कपाटांतला रुमाल घाईघाईनें काढून पसरीत असतील, त्यांची आज मला दया येते.

रुखवतांतील विणकामाचेंहि असेंच. मुलीच्या लग्नांत मांडलेलीं तोरणें, रुमाल, ताटावरील आच्छादनें सर्वांनीं पाहावीं, वाखाणावीं, हें ठीकच. तें मांडण्यासाठींच असतें. पण मांडलेलें तेथेंच संपतें. घरच्या माणसाला दिलेली वस्तु मांडण्यासाठीं नसते, वापरण्यासाठीं असते. आणि वापरली जाणारी वस्तु मळते, विटते, उसवते.

१९४७ सालच्या नोव्हेंबरांत इंग्लंडच्या राजकन्या एलिझाबेथ यांचा विवाह झाला. महात्मा गांधींपाशीं द्यावयास स्वतःची म्हणून कांहीं वस्तुच नव्हती. लॉर्ड माउंटबॅटन यांच्या सूचनेवरून त्यांनीं स्वतः कांतलेल्या सुताचा एक जाळीदार विणलेला तुकडा पाठविला. त्याच्या मध्यभागीं ‘जय हिंद’ हीं अक्षरें विणलेलीं होतीं. वधूच्या आजी राणी मेरी यांनीं तो पाहून हा गांधींचा पंचाच असावा अशी समजूत करून घेतली आणि नाक मुरडलें, अशी हकीकत सांगतात. जिच्यासाठीं तो होता तिनें मात्र तो जपून ठेविला, आणि २०१८ च्या एप्रिलांत भारताचे पंतप्रधान लंडनला गेले असतां राणी एलिझाबेथनें तो काढून त्यांस दाखविला. देणारे तर विवाहानंतर सवादोन महिन्यांत, ३० जानेवारी १९४८ रोजीं, गेलेच होते. आपला रुमाल कोठें आहे हें पाहण्यास ते कोणाच्या घरीं चहाला गेले नाहींत. ही हकीकत मीं प्रथम वाचली तेव्हां मला राणी मेरीचा फार राग आला होता. आतां वाटतें, म्हातारीनें तो प्रथमच पाहिला, तिला तो कळला नाहीं, एवढेंच.

श्रमाच्या किंमतीविषयींहि दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. “मलाहि असाच एक करून द्या ना, लोकरीचे पैसे देतें,” असें कित्येकजणी मोठ्या भाबडेपणानें म्हणतात. लोकरीचे पैसे! साठ-सत्तर तासांचें काम त्यांच्या हिशेबीं रिकाम्या वेळचा चाळा असतो. आंध्र प्रदेशांतील नरसापूर येथें क्रोशाच्या लेसचा मोठा धंदा आहे; २०२४ सालीं त्या लेसला भौगोलिक मानांकनहि मिळालें. तेथल्या स्त्रियांविषयीं मारिया मीस या जर्मन विदुषीनें १९८२ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. परदेशच्या बाजारांत जाणारी लेस त्या स्त्रिया दिवस दिवस बसून विणीत, परंतु तें गृहिणीचें फुरसतीचें काम मानलें जाई आणि मजुरी तशीच अल्प मिळे, असें तिनें दाखवून दिलें आहे. म्हणून मीं आतां नियमच केला आहे : मागणाराला विकत देत नाहीं आणि फुकटहि देत नाहीं, शिकवावयास मात्र केव्हांहि तयार आहें. त्या तरुण भगिनीस मीं तेंच सांगितलें. तिच्या नणंदेचें बाळंतपण ज्येष्ठांत आहे. सध्यां ती दर शनिवारीं दुपारीं येते आणि सुती दुपटें विणते. कडेचे खांब अजून वांकडे येतात, पण तिला उसवण्याचा कंटाळा नाहीं. हा गुण मोठा आहे.

आतां मूळ गोष्टीकडे वळतें. तो १९९४ चा भाचा आज टोरोंटोस असतो. त्याच्या घरीं येत्या माघांत पाळणा हालणार आहे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीं सकाळींच वहिनी आमच्याकडे आली. गुडघे दुखत असतां रिक्षा करून एकटीच आली म्हणून मला जरा आश्चर्य वाटलें. हातांत एक जुनी कापडी पिशवी. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या, तरी ती पिशवीवरचा हात काढीना. शेवटीं म्हणाली, “वन्सं, रागावणार नसाल तर एक दाखवायचं आहे.”

पिशवींतून तिनें पिस्ता रंगाचा स्वेटर काढिला. मीं तो ओळखिला आणि ओळखिलाहि नाहीं. दोन्ही बाह्या काढून टाकिलेल्या. दोन्ही बगलांत सहा-सहा सें. मी. रुंदीच्या पट्ट्या घातलेल्या, त्या पिस्ता रंगाच्या नव्हेत, चिंचेच्या कोंवळ्या पाल्याच्या रंगाच्या. खालच्या कडेला त्याच रंगाची चार बोटें वाढ. टांके एकसारखे नव्हते. कांहीं उलट पडलेले, एके ठिकाणीं एक गळलेला टांका मागून दोऱ्यानें धरून ठेविलेला. पुढच्या भागावर धुऊन धुऊन गोळे आलेले, आणि छातीशीं एक जुना डाग, जो खिमटाचा असावा.

“त्या पौषांत घातला त्याला,” वहिनी म्हणाली. “तोंपर्यंत छातीला होईना. बाह्या उसवल्या तेव्हां हात थरथरत होते माझे. तुमचं इतकं सुबक काम. तुमच्या रंगाची लोकर साऱ्या नवी पेठेंत मिळाली नाहीं. मला तर सुया धरायलाहि येत नव्हत्या, बयोआत्यांनीं शिकवलं. गड्ड्यावर नेला तेव्हां हाच अंगांत होता. पुढच्या थंडींतहि ओढून ताणून घातला. तुम्ही परत आलां तेव्हां दाखवावा म्हणून दोनदां काढला बाहेर, पण म्हटलं, आपण त्यांचं काम उसवलं हें पाहून त्यांना काय वाटेल? म्हणून ठेवून दिला.”

मीं तो स्वेटर उलटा करून बगलेची शिवण पाहूं लागलें, कारण दुसरीकडे कोठें पाहावें हें मला समजेना. शिवण बाहेरच्या अंगास काढिली होती. “बयोआत्यांना तूं त्या दिवशीं खूण केलीस ना?” मीं विचारिलें. तीस वर्षें तोंडांत धरलेला प्रश्न असा वेड्यासारखा बाहेर पडला. वहिनीला प्रथम त्याचा बोधच होईना. मग म्हणाली, “छे हो. मी तुमच्याकडे बघत होतें. तुम्ही म्हणाल तर काढावा, म्हणून.”

त्यानंतर आम्ही दोघींनीं भाच्यास टेलिफोन लाविला. तिकडे घरांत यंत्रानें ऊब ठेविलेली असते, घरांत जाड कांहीं नको, बाहेर नेण्यापुरती टोपी पाहिजे, असें तो म्हणाला. बाळ माघांत होणार, म्हणजे टोपी जन्मल्याच्या मापाची. आणि स्वेटर करावयाचा तर तो पुढल्या कार्तिकांत लागणार, म्हणजे नऊ महिन्यांचा, ४५ सें. मी. छातीवर थोडा सैल. हा हिशेब वहिनीनेंच मोठ्यानें केला आणि कागदावर लिहून ठेविला. यंत्रांत धुण्याजोगी मेरिनो लोकर मागविली. रंग कोणता, हें विचारावयाचें आम्ही दोघीहि विसरलों. जो आला तो राखाडी आहे.

माझ्या उजव्या हाताचा आंगठा हल्लीं थंडींत धरतो, म्हणून एका बैठकींत दोनच ओळी होतात. कडेची एक सुलट एक उलट पट्टी वहिनी करिते. ती दर मंगळवारीं दुपारचीं जेवणें आटोपून येते. काल नवी लड उलगडावयाची होती. तिनें दोन्ही हात पुढें करून ती मनगटांवर ताणून धरली आणि मी समोर बसून गुंडा करीत गेलें. अर्धी लड झाली तेव्हां तिचे हात भरून आले. मीं म्हटलें, जरा थांबूं या. ती म्हणाली, “नको, मध्येंच सोडली तर गुंता होईल; तुम्ही करा लवकर.”